चौदा कॅरेट

बान्स्का श्त्यावनित्सात आता खाणीत कोणी उतरत नाही.
शाळकरी पोरं उतरतात तिकीट काढून,
हेल्मेटं घालून, आणि वर येऊन आइस्क्रीम खातात.
वेंदेलीन सदतीस वर्षं खरोखर उतरला.
एप्रिलात आला माझ्याकडे, बुटांना बर्फाचा चिखल,
मुठीत अंगठी.
"फोटो तिचा. सोनंही तिचंच घाल."

म्हटलं, सोन्याचं मीठ बाटलीत विकत मिळतं, आजोबा,
एवढ्यासाठी कशाला मोडताय?
तो टोपी काढून बसून राहिला.

दालीबोर शाळेत रसायन शिकवतो.
त्याने आम्लराजात अंगठी सोडली.
"हिरवं का झालं?"
तांबं आहे. चौदा कॅरेट. सगळेच सोनार घालतात.
वेंदेलीन हसला, खोकला येईस्तोवर.
त्या हिरव्यातून निव्वळ पिवळं काढायला
दालीबोरला दोन रविवार लागले.

कागदावर मी लोखंड आणि चांदी एकत्र फासली,
वाळवली, निगेटिव्ह ठेवून
खिडकीतल्या उन्हाला लावली.
काम सगळं लोखंडाचं:
ऊन तेच झेलतं, चांदीला तेच हाक मारतं,
आणि चांदी आली की त्यानं निघून जायचं.
कणभरही मागे राहता कामा नये.
राहिला, तर तोच पुढं चित्र खातो.
चार पाण्यांत धुतलं.
वेंदेलीन म्हणाला, "आमच्यासारखंच."
कोणासारखं, ते मी विचारलं नाही.

हेर्मिना.
खाणीसाठी बांधलेल्या तळ्याच्या काठावर, ओले केस,
उन्हामुळं एक डोळा मिटलेला,
विटकरी, जरा जास्तच उबदार.
मग सोन्याचं पाणी.
लोक म्हणतात सोनं चढतं. चढत नाही.
सोनं बसतं, म्हणून चांदी उठते,
जागेला जागा.
आधी केसांखालची सावली निळसर झाली,
मग पोहण्याच्या पोशाखाचा काठ, वांग्याच्या सालीसारखा,
अगदी शेवटी तो मिटलेला डोळा.

"सोनेरी नाही झालं."
नाही होत.
"बरं झालं. तिला झगमग चालायची नाही.
कणीक मळताना अंगठी काढून ठेवायची
आणि विसरायची.
दोनदा मला कोंबड्यांच्या खुराड्यात सापडली."

बाटलीत अर्ध्याहून जास्त उरलं होतं.
म्हटलं, घेऊन जा, तुमचंच आहे.
त्याने बाटली खिडकीकडं धरली,
हलवली, पुन्हा पाहिली.
"अंधारात ठेवायची ना?"
हो.
"ते येतं मला," म्हणाला,
आणि टोपी विसरून गेला.