उजवी कुंडी

मुळेगावच्या फार्मवर, शेडनेटखाली,
ज्वारीच्या एका रोपाला दोन कुंड्या आहेत.
पंधराव्या दिवशी मुळं मी दुभागली,
भांग पाडावा तशी, ओल्या बोटांनी.
अर्धी डावीत, अर्धी उजवीत,
वर एकच ताट.

डावीला रोज पाऊण लिटर.
उजवीला काही नाही.

पानाला कमी काहीच पडत नव्हतं.
डावी एकटी सगळ्याला पुरत होती.
तरी सातव्या दिवशी पोरोमीटरचा चिमटा लावला
तर बाहेरून टवटवीत पान,
आतली दारं ओढून घेतलेली.

हत्तुरे मॅडमनी वहीच्या कडेला
एक लांबलचक नाव लिहिलं : ॲब्सिसिक ॲसिड.
कोरड्या मातीतली मुळं ते करतात,
रसाबरोबर वर धाडतात.
तहान लागायच्या आधीची बातमी, म्हणाल्या.

नाव पाठ व्हायला मला दोन दिवस लागले.
गोष्ट आधीच पाठ होती.
नायना साखर पेठेत यंत्रमागावर होते.
ताण्याचे दोन हजार धागे,
प्रत्येक धाग्यावर पत्र्याची एक पिन लोंबती.
एक धागा तुटायचा, त्याची पिन पडायची
आणि अख्खा माग गप्प.
एका धाग्यासाठी? मी विचारायची.
नायना गाठ मारता मारता म्हणायचे,
मागाला एकच धागा कळतो, तुटलेला.

डाव्या कुंडीतही सगळीकडे सारखी ओल नसते.
काळी माती, भेग पडतेच.
भेगेवरून जाणारं मूळ
तेवढी बोटभर वाट बोडकंच जातं,
पोकळीत एकही फुटवा सोडत नाही.
पलीकडे माती लागली
की लागलेल्या अंगालाच हात पसरतं.
काचेतून हे बघताना
माझा डबा खायचा राहून जातो.

अठराव्या दिवशी पान पुन्हा उघडं.
उजवी तर आणखी सुकलेली,
कडेनं सुटलेली, टिचकी मारली तर
रिकाम्या रांजणासारखी वाजणारी.
मी वहीत लिहिलं : रोप सरावलं.

मॅडमनी ते खोडलं.
"सरावलं नाही गं.
त्या बाजूनं आता रसच वर चढत नाही.
निरोप आहे, मुळात साचून आहे.
न्यायला कोणी नाही."

अक्काला सिरसिल्ल्याला दिली.
पहिलं वर्ष रोज फोन.
अम्मा मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
मोबाइल खांद्यात दाबून विड्या वळायची
आणि अक्का रडली की त्या रात्री
आमच्याकडे कोणी दुसऱ्यांदा भात मागत नसे.
मग फोन आठवड्यानं.
मग सणाला.
रुळली पोर, अम्मा म्हणाली.
आम्ही सगळ्यांनी ते वहीत लिहून टाकलं.

आज बाजू बदलायची.
प्रयोगातच आहे तसं,
शहरात नळाची पाळी असते तसं :
आता उजवीला पाणी, डावी कोरडी.

पहिलं मापटं भेगांतून सरळ खाली, तबकडीत.
दुसरं जरा अडलं.
तिसऱ्याला मातीनं एक बुडबुडा सोडला
आणि वास आला, जुन्या माठाचा.

"उद्या पान मिटलेलं दिसलं तर घाबरू नकोस,"
मॅडम दारातून म्हणाल्या,
"पाणी मिळाल्या मिळाल्या
आधी साचलेली तक्रार वर येते."

हात चिखलाचे तसेच.
कोपरानं फोन सरळ केला, नंबर लावला.
तिकडे आता माग सुरू झाले असतील,
तिला ऐकू येईल न येईल.

वाजतोय.
तबकडी काठोकाठ भरत आलीय,
उचलायला हवी.
वाजतोय अजून.