दोनदा

इथली घंटा प्रत्येक तासाचे ठोके दोनदा देते.
पहिल्यांदा, द्राक्षमळ्यातल्या माणसानं मान वर करावी म्हणून.
दोन मिनिटांनी पुन्हा, त्यानं मोजावेत म्हणून.
असं मादाम कास्तान्ये सांगते
मटारच्या शेंगा सोलता सोलता,
एप्रनच्या खिशात चर्चची वीतभर किल्ली.

आम्ही फोटो काढत सुटतो : कमान, कोनाडा,
आठशे वर्षं झिजून मधोमध खोलगट झालेली पायरी.
हिच्यावरूनच घसरला माझा फर्नां, ती म्हणते,
लग्नाच्या दिवशी, नव्याकोऱ्या बुटांनिशी.
माहितीपुस्तिकेत हे नाही.

बेकरी बंद पडून सहा वर्षं झाली.
आता चौकात यंत्र आहे,
नाणं टाकलं की पाव पडतो, धप्पकन,
कुणी रागानं दिल्यासारखा.
हिवाळ्यात उरतात अकरा जण
आणि एक गाढव. तेही गावच्या मालकीचं.

"फार सुंदर आहे हो तुमचं गाव."
तिनं शेंग मोडली, आत बघितलं.
"सगळेच म्हणतात.
राहतं का कुणी?"

चार वाजले.
आम्ही घाईनं बसमध्ये चढलो.
उताराच्या वळणावर ते पुन्हा वाजू लागले
तेव्हा मी मोजायला घेतले.
तीनच हाती लागले.
चौथा गिअरच्या आवाजात गेला.