एकाची जागा

घाटंजीच्या बस स्टँडमागं, मडावी मिस्त्रीच्या टिनाच्या शेडमध्ये
बाबांची जावा लाकडी ठोकळ्यावर उभी आहे,
पुढचं चाक नाही, पुढचे पाय नाहीत,
पत्री मारायला बांधलेल्या बैलासारखी गुमान.
हेडलाइट पोत्यावर काढून ठेवलेला. तो छताकडे बघतो.

मी फोर्कच्या दोन्ही नळ्या रॉकेलनं धुतल्या.
सतरा वर्षं गोठ्यात होती गाडी,
सीलं काकवीसारखी चिघळलेली,
हँडलच्या पोकळीत कुंभारमाशीचं घर, मातीचं, रिकामं.
मिस्त्रीनं जुन्या टीव्ही स्टँडची काच पुसली, म्हणाला,
"याच्यावर घरंगळव."

उजवी गेली काचेला चिकटून, आवाज न करता.
डावी गेली लंगडत.
दर वळशाला तिच्याखाली
उजेडाची एक चीर उघडायची
आणि मिटायची.

"पडली हाये हे," मिस्त्री म्हणाला. "अन् हलकी नाही पडली."

पण बाबा कधी पडले नव्हते.
हे घरात ठरलेलं होतं,
मिठाचा डबा डाव्या फळीवर असतो तसं.
दौलत नेवारे, पशुधन पर्यवेक्षक,
पारवा, शिवणी आणि मधली सगळी पांदण,
मागं कॅरिअरवर दोरीनं आवळलेला नायट्रोजनचा हंडा,
त्यात लांबच्या कुठल्या वळूंची, नंबर घातलेली,
अजून न झालेली वासरं.
गायीचा माज सकाळपर्यंत थांबत नाही, म्हणायचे,
आणि रात्री अकराला किक मारायचे.

नळी घेऊन घरी गेले.
आई तुरीच्या शेंगा सोलत होती.
मी काही बोलले नाही, नुसती फरशीवर फिरवून दाखवली.
तिनं एक शेंग सोलली.
दुसरी सोलली.
"पेट्रोल सरलं म्हनले थे.
पहाटे आले, गाडी लोटत.
मी म्हटलं, बरं.
पँटीचा गुडघा फाटला होता, थो मीच शिवला.
हंड्याचं झाकन कुठी गेलं, थे काई इचारलं नाही."
टोपल्यातले दाणे तिनं उगाच हातानं सारखे केले.
"थंडीचे दिवस होते. धूर धूर झाला असंन सडकीवर."

मिस्त्रीला विचारलं, सरळ होईल का.
"होईन. पन वाकलेली नळी पुन्यांदा तिथंच वाकते, बाई. नवी टाक."
यवतमाळच्या एका बंद दुकानाच्या माळ्यावरून
आठ दिवसांनी नळी आली,
मेणकागदात गुंडाळलेली, माझ्याहून वयानं मोठी,
रस्ता एकदाही न पाहिलेली.

मग बुश, मग स्प्रिंग,
मग सील, त्याचा ओठ आत, तेलाकडे.
तेल ओतलं बाबांच्याच मापानं,
ज्यानं ढोरांना औषध पाजायचे ते,
काचेवरच्या रेघा निम्म्या पुसलेल्या,
दोन्ही पायांत सारखं, दोनदा पाहून.

स्टीअरिंगच्या वाटीत ग्रीस भरलं,
ग्रीसमध्ये एकेक छर्रा चिकटवत गेले,
गोल पुरा झाला, फट म्हणून उरली नाही,
मी खूश होऊन मान वर केली.
मिस्त्रीनं नखानं एक छर्रा उचलला
आणि माझ्या तळहातावर ठेवला.
"एकाची जागा सोड.
गच्च भरलं का फिरत नाही."

नट आवळले, थोडे सैल केले, पुन्हा आवळले.
हँडल एका बोटानं ढकललं,
ते आपल्या वजनानं डावीकडे पडलं.
पुन्हा ढकललं, उजवीकडे.
मिस्त्री बिडी पेटवायला बाहेर गेला,
म्हणजे काम बरं झालं होतं.

जुनी नळी भंगारात द्यायची होती.
दुपारी पाहते तर आईनं ती अंगणात रोवलेली,
वालाच्या वेलाला आधार म्हणून,
वाकलेली बाजू भिंतीकडे करून.