पुठ्ठा

कुहमो. बाहेर उणे अठरा.
गॅरेजात जुन्या डॅटसनच्या पोटाखाली
मी पाठीवर उताणी, आणि अर्मास
विजेरी धरून गुडघ्यांवर.
बाप माझा. बोलतो मोजकं,
तेही बहुतेक पान्यांशी.

तीन हिवाळे गिअरबॉक्स गळतोय.
तीन हिवाळे यानं खाली पुठ्ठा सरकवला,
प्रत्येक डागाभोवती पेन्सिलीनं गोल,
गोलाशेजारी तारीख.
काम दोन दिवसांचं.
"बघत होतो," म्हणाला, "किती दम आहे तिच्यात."

शाफ्ट उतरवला. जुनं सील निघता निघेना.
स्क्रूड्रायव्हर सटकला, अंगठा सोलला,
गंधकाच्या वासाचं तेल
थेट कानात.
मी कचकचीत शिवी हासडली.
बाप म्हणाला, "डावीकडून घे."

नवं सील. ओठाला बोटभर ग्रीस.
नळाचा तुकडा टेकवून चहूबाजूंनी ठोकत गेले,
जरा इथे, जरा तिथे, तिरकं होऊ न देता.
टक्. टक्.
मग एकदम बद्द आवाज.
बसलं.

सकाळी त्यानं नवा पुठ्ठा ओढून काढला,
दिव्याकडे धरला, उलटा करून पाहिला.
कानामागची पेन्सिल काढली,
परत खोचली.
पुन्हा काढली,
आणि कोपऱ्यात, अगदी बारीक,
नुसती तारीख टाकली.