ओळ क्रमांक एकशे बारा

पहाटे पाचला फूल अजून मिटलेलं असतं,
तेवढ्यात उरकायचं.
चिमट्याने तूस उघडायचं,
आतले तीन हिरवे पुंकेसर
न फुटता बाहेर काढायचे.
मग कागदी पिशवी, टाचणी, तारीख,
आई कोण, बाप कोण,
आणि खाली माझी सही: वै. का. मढवी.

महापे, तिसरा मजला.
खाली टँकर रिव्हर्स घेताना रडतात,
वर काचेच्या खोलीत राजस्थानचा हिवाळा लावलेला,
दिवसा बावीस, रात्री नऊ.
ज्या रानासाठी हा जव, ते मी पाहिलेलं नाही.
ऐकून आहे, पाणी दोनदाच देतात
आणि तेही मचूळ.

खत कमी लागावं, दाणा गळू नये,
लोंबीने वाऱ्यात लोळू नये, तांबेरा तर नकोच.
माझं स्थळ बघताना
एवढ्या अटी कुणी घातल्या नव्हत्या.

एकशे बारा यंदा नापास.
ठेंगणी, दाणा बारीक, कुसळं राठ.
शेरा लिहिला: काढून टाकावी.
मूठभर बी डब्यातून घरी नेलं,
गोठिवलीला, बाबांना दाखवायला.

बाबांनी दाणा दाताखाली धरला.
सवय जुनी.
खाडीच्या बांधावर माती जिभेला लावून सांगायचे
भात यंदा कुठवर येईल.
आता तिथे सेक्टर आहे.
"कन्चा ह्यो?"
"जव. सातू."
"खारीन येल का गो?"
म्हटलं, नापास आहे ती.

त्यांनी मासळीचा थर्मोकोलचा खोका गच्चीवर चढवला.
मला फार उशिरा कळलं,
भरतीला सायकलवरून जाऊन
कॅनभर खाडी आणायचे,
नळाच्या पाण्यात मिसळायचे,
दर आठवड्याला थोडी जास्त.
उरलेलं पाणी इकडेतिकडे. मिरची मेली.
तुळस मेली, आई चार दिवस बोलली नाही.

माघात एकशे बारा उभी.
नऊ लोंब्या. दाणा तसाच बारीक, पण भरलेला.
खोक्याच्या कडेला पांढरी खपली धरलेली,
बाबांनी नखाने खरवडून
माझ्यापुढे केली.

सोमवारी वही उघडली.
शेऱ्यापुढे जागा नव्हती,
समासात लिहिलं: थांबावे.
साहेब विचारणारच, पाण्याची क्षारता किती?
बाबांना फोन लावला.
म्हणाले, "वाकट्या धुतल्याच्या पान्यायेवरी."

लिहून ठेवलंय.
पेन्सिलीने.