पकड

काल रात्री टायटॅनियमच्या बारा चकत्या
डोपामिनच्या पाण्यात बुडवून ठेवल्या.
सकाळी त्या तपकिरी,
कपात विसरलेल्या चहाच्या डागासारख्या.
ही युक्ती शिंपल्याची:
लाटा आपटत असताना खडकाला धरून राहणारा
एक मऊ, बिनहाडांचा जीव.
बडोद्याला समुद्र नाही.
आहे ती विश्वामित्री,
मगरी घेऊन पुलाखाली पडलेली.

अकरा वाजता पेशी सोडल्या.
हाडाच्या पेशी. थेंबातून खाली येताना
सगळ्या गोल, भिजल्या साबुदाण्यासारख्या,
एकीलाही अजून दिशा नाही.

आधी पोचतं पाणी. मग सीरममधली प्रथिनं,
जागेसाठी एकमेकांना ढकलत.
पेशी येते सर्वांत शेवटी
आणि धातूला कधीच शिवत नाही.
तिच्या हाताला लागतं ते
आधी येऊन बसलेल्यांचं अंग.

मधल्या वेळात हे तुळाजीमामांना सांगितलं,
दांडिया बाजारातल्या त्यांच्या खोलीत.
एके काळी आखाडा गाजवलेले,
आता उजव्या खुब्यात धातूचा गोळा,
तोही सैल.
जिना उतरताना, म्हणतात,
आतून कुणीतरी टकटक करतं.

शेव-उसळीची वाटी माझ्याकडे सरकवत
सगळं ऐकून घेतलं.
"म्हणजे तू माती लावतेस ने!
घामट अंग हातात येत नाही.
आम्ही समोरच्याच्या पाठीवर मूठभर टाकायचो,
आपल्याही घ्यायचो.
त्याला पकड मिळू नये असंच वाटतं,
पण मातीवाचून कुस्ती कसली?"

तीनला चकत्या धुतल्या.
कोऱ्या धातूवरच्या बहुतेक वाहून गेल्या.
तपकिरीवरच्या राहिल्या,
कडा पसरून, बारीक बोटं रोवून,
एक तर इतकी ताणलेली
की डाव टाकताना पुढे गेलेला पाय.
एका चौकटीत दोनशे चौदा मोजल्या.
सातव्या चकतीवर लेप होता, पेशी एकही नाही.
का, ते कळलं नाही.
वहीत प्रश्नचिन्ह काढलं.

मामांच्या वाट्याला यातलं काही येणार नाही.
मंगळवारी पुन्हा शस्त्रक्रिया,
गोळा जुन्याच जातीचा.
हे मी बोलले नाही, त्यांनी विचारलं नाही.

दुपारी मी निघताना
उठायला म्हणून त्यांनी हात मागितला
आणि धरलं मनगट,
जुन्या सवयीनं, अंगठा आत दाबून.
हात सुटला तेव्हा पाहिलं,
सकाळच्या हातमोज्यांची पांढरी पूड
अजून तिथं होती,
थोडी त्यांच्या बोटांना लागलेली.