अंगठा

कुताइसीतल्या त्या नऊ मजली इमारतीत
नाणं टाकल्याशिवाय लिफ्ट हलत नाही.
वीस तेत्री. माझ्याकडे सुटे नव्हते,
म्हणून सात मजले चढून, धापा टाकत
मी दारात उभा, हातात प्रकाशकांचा अर्ज :
‘माझे पुस्तक इंटरनेटवर विनापरवाना फिरत असून
ते तत्काळ काढून टाकावे.’
खाली फुली. सही इथे.

त्सिआला शोनिया, वय एक्क्याऐंशी.
रानातल्या अळंब्यांवर आयुष्यात एकच पुस्तक,
चोवीस वर्षांपूर्वी, मानधनाऐवजी चाळीस प्रती.
एकोणचाळीस वाटून झाल्या.
चाळिसावी ओव्हनच्या डुगडुगत्या पायाखाली.

“किती जणांनी उतरवून घेतलं?”
अकरा हजार, मी म्हणालो.
त्यांनी चहात अक्रोडाचा मुरंबा ढवळला.
“छापल्या होत्या आठशे.
बाकीचे कुठं होते इतकी वर्षं?”

चोरीचा माल दाखवावा म्हणून मी लॅपटॉप उघडला.
पानं तिरकी, शिवणीपाशी अक्षरं बुडालेली,
आणि प्रत्येक डाव्या पानाच्या कोपऱ्यात
एक अंगठा.
नख अर्धं काळं, पेरावर जुना चर.
कायद्याला अंगठा दाखवला म्हणतात,
ह्यानं खरंच दाखवला होता,
एकशे आठ वेळा,
सही न येणाऱ्या माणसासारखा.

“सुतार असेल,” त्या म्हणाल्या.
किंवा दातांचा डॉक्टर, म्हणालो मी.
त्या हसल्या नाहीत.
“पान एकशे बारा काढ.”

एकशे बारावर दोन पांढऱ्या टोप्या, शेजारी शेजारी.
एक लोण्यात परतायची.
दुसरी खाल्ली तर तिसऱ्या दिवशी बरं वाटतं
आणि आठव्या दिवशी माणूस नसतो.
छापखान्यात दोघींची नावं अदलाबदल झाली.
बाईंनी तीन पत्रं लिहिली. प्रकाशकांनी
शुद्धिपत्राची चिठ्ठी पुस्तकात सरकवली,
नुसती सरकवली,
डिंक महाग होता त्या वर्षी.

पडद्यावर मात्र दोन्ही नावांवर पेन्सिलीची काट,
एकमेकांना छेदणारे दोन बाण,
आणि समासात, गोल शाळकरी अक्षरांत :
‘उलट आहे. बाईंना माहीत असणार. सांभाळून.’

बराच वेळ त्यांनी चहाला हात लावला नाही.
“रात्री मोजत बसते मी,” म्हणाल्या.
काय मोजता, मी विचारलं नाही.

मी पगारी माणूस. म्हणालो,
नवी आवृत्ती येतेय, अधिकृत, जाड कागदावर.
“एकशे बारा?”
फोनमध्ये मुद्रितं होती. पाहिली.
तीच जुनी पानं. नावं तश्शीच,
सर्व हक्क सुरक्षित.

“मला पैसे हवेत,” त्या म्हणाल्या. “खोटं कशाला बोलू,
ह्या खिडकीला काच नाही, पुठ्ठा आहे.
अकरा हजारांनी एकेक तेत्री टाकली असती
तर काच आली असती.
पण ती पेन्सिलही हवी.
तुझ्या कागदावर दोन्हीला जागा आहे?”

एकच चौकोन होता.

मग मला ओव्हन उचलून धरायला लावला,
वाकून स्वतः पुस्तक ओढून काढलं,
धूळ पदराला नाही, माझ्या कोटाला पुसली.
पडद्याकडे बघत बघत, परीक्षेत शेजारच्याचं बघावं तसं,
काट मारली. एक बाण. दुसरा बाण.
“साहेबांना दे तुझ्या. सांग,
चोराकडून उतरवून घेतलंय.”
अर्जाच्या घड्या घातल्या, पायाखाली सारल्या.
ओव्हन अजूनही थोडा डुलतच होता.

निघताना तळहातावर वीस तेत्रीचं नाणं.
“उतरायलाही पडतात. चुकवू नकोस.”

लिफ्टच्या पिवळ्या उजेडात मी एकशे बारा उघडलं.
पान मिटू नये म्हणून
डाव्या कोपऱ्यात दाबून धरला
अंगठा.